चार ट्रॅकमध्ये मावलेला अल्बम: ‘सार्जंट पेपर’ची वाढीव आवृत्ती ऐकताना

माझ्या वॉकमनच्या इअरफोनची उजवी बाजू बंद पडली होती. कॉलेजात होतो, नवा इअरफोन घ्यायला पैसे नव्हते, म्हणून वर्षभर सगळं संगीत डाव्या कानानेच ऐकलं. बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’ची कॅसेटही तशीच ऐकली. तिच्यातलं शेवटचं गाणं ‘अ डे इन द लाइफ’ सुरू झालं की गिटार वाजायची, पियानो वाजायचा, पण गाणाऱ्याचा पत्ता नाही. शेजारच्या खोलीतून यावा तसा त्याचा पुसट प्रतिध्वनी तेवढा कानावर पडायचा. मग कडव्यामागून कडवं जाईल तसा आवाज जवळ जवळ यायचा आणि शेवटी थेट कानात उतरायचा. मला वाटायचं, काय सुंदर कल्पना आहे! एक माणूस लांबून चालत येतोय आणि पेपरातली बातमी वाचून दाखवतोय. पुढे मित्राच्या डेकवर दोन्ही स्पीकरमधून तेच गाणं ऐकलं तेव्हा कळलं, की जॉन लेनन पहिल्या शब्दापासून पूर्ण आवाजात गात होता. तो उजव्या टोकाला उभा होता, आणि गाणं पुढे सरकेल तसा उजवीकडून डावीकडे येत होता.

मुख्य गायकाला एका टोकाला का उभं करायचं, हा प्रश्न तेव्हापासून मनात राहिला. त्याचं उत्तर मला २०१७ साली मिळालं. त्या वर्षी २६ मे रोजी या अल्बमची पन्नास वर्षांची वाढीव आवृत्ती निघाली. मोठ्या पेटीत चार सीडी, एक डीव्हीडी, एक ब्लू-रे आणि १४४ पानांचं पुस्तक. पहिल्या सीडीवर अल्बमचं नवं स्टिरिओ मिक्स, दुसऱ्या आणि तिसऱ्या सीडीवर स्टुडिओतले कच्चे टेक (आउटटेक), म्हणजे गाणं जमेपर्यंत रेकॉर्ड केलेले एकेक प्रयत्न, चौथीवर १९६७ चं मोनो मिक्स. पन्नास वर्षं जुना अल्बम, पण ब्रिटनमध्ये तो पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेला.

अशी पेटी बघितली की कोणीही विचारेल: तेरा गाण्यांचा, चाळीस मिनिटांचा अल्बम, तो नवा, जुना आणि कच्चा असा तीन-तीनदा कशाला ऐकायचा? ‘रिमिक्स’, ‘रिमास्टर’, ‘मोनो’, ‘आउटटेक’ हे शब्द खोक्यावर छापलेले असतात, पण ते नेमके काय आहेत हे फारसं कोणी सांगत नाही. म्हणून जरा मुळापासून सांगतो.

लंडनच्या ॲबी रोडवरच्या स्टुडिओला तेव्हा नुसतं ईएमआय स्टुडिओज म्हणत. तिथे स्टूडर कंपनीचं ‘जे-३७’ नावाचं रेकॉर्डिंग मशीन होतं. त्यावर एक इंच रुंदीची टेप फिरायची, आणि त्या एका इंचात शेजारी शेजारी चार वेगळे पट्टे रेकॉर्ड व्हायचे. हे पट्टे म्हणजे ट्रॅक. एकावर ड्रम, दुसऱ्यावर गिटार, तिसऱ्यावर पियानो, चौथ्यावर गळा. चारही एकदम वाजतात, पण प्रत्येकाचा आवाज वेगळा कमी-जास्त करता येतो, वेगळ्या बाजूला ठेवता येतो. असे ट्रॅक जुळवून पक्कं गाणं तयार करणं म्हणजे मिक्स. आज घरच्या लॅपटॉपवर शंभर ट्रॅक घेऊन कोणीही बसतं. यांच्याकडे चार होते, आणि डोक्यात कल्पना चाळीस ट्रॅकच्या.

आता चार पुडांचा जेवणाचा डबा डोळ्यांसमोर आणा. चारही पुडं भरली, पण अजून कोशिंबीर आणि शिरा द्यायचा आहे. काय कराल? दुसरा डबा घ्याल, पहिल्यातली भाजी, आमटी आणि भात त्याच्या एका पुडात एकत्र कालवाल, म्हणजे तीन पुडं मोकळी झाली. स्टुडिओत हेच व्हायचं. पहिल्या टेपचे चार ट्रॅक एकत्र करून दुसऱ्या टेपच्या एका किंवा दोन ट्रॅकवर उतरवायचे आणि उरलेल्या जागेत नवी वाद्यं भरायची. याला ते ‘रिडक्शन’ म्हणत. आजकाल स्टुडिओत ‘बाउन्स’ हा शब्द जास्त चालतो.

याची किंमत दोन प्रकारे मोजावी लागते. पहिली म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यावर अक्षरं जशी भुरकट होतात, तसंच टेपवरून टेपवर उतरवताना आवाजाची धार जाते आणि मागची सरसर वाढते. दुसरी किंमत त्याहून मोठी. एकदा कालवलेलं वेगळं करता येत नाही. ड्रम आणि गिटार एकाच ट्रॅकवर चिकटले, की ड्रम मधोमध आणि गिटार डावीकडे असं काही करता येत नाही. तो सगळा गठ्ठा उचलून एकाच जागी ठेवावा लागतो.

माझ्या बंद इअरफोनचं उत्तर इथे आहे. १९६७ च्या स्टिरिओत ‘अ डे इन द लाइफ’ची वाद्यं सुरुवातीला गठ्ठ्याने डावीकडे आहेत, म्हणून गळा उजवीकडे गेला. मग त्याला तिथे खिळवून न ठेवता सरकवत नेणं हे त्या अडचणीतून काढलेलं फार देखणं उत्तर आहे असं मला वाटतं.

स्टिरिओ इतकं आडमुठं असूनही कोणाला खटकलं कसं नाही? कारण ते मुख्य काम नव्हतंच. १९६७ साली ब्रिटनमधल्या बहुतेक घरांत एका स्पीकरचा, म्हणजे मोनो रेकॉर्ड प्लेअर होता. बीटल्स स्वतः हजर असायचे ते मोनो मिक्सला. निर्माते जॉर्ज मार्टिन आणि साउंड इंजिनिअर जेफ एमरिक यांच्यासोबत बसून एकेका गाण्यावर ते तासन् तास घालवत. स्टिरिओ मिक्स नंतर, त्यांच्या गैरहजेरीत, थोड्या दिवसांत उरकलं गेलं. जगाने पन्नास वर्षं डोक्यावर घेतलं ते मात्र हे उरकलेलं मिक्स, कारण पुढे मोनो प्लेअर घरातून गेले आणि स्टिरिओ राहिलं.

दोन्हींत फरक केवढा आहे हे ऐकल्याशिवाय पटत नाही. ‘शीज लीव्हिंग होम’ हे घर सोडून गेलेल्या मुलीचं गाणं मोनोमध्ये अंमळ जलद आणि वरच्या पट्टीत आहे. स्टिरिओमध्ये टेपचा वेग कमी आहे, त्यामुळे ते जड पावलांनी चालतं आणि रडकं वाटतं. ‘ल्युसी इन द स्काय विथ डायमंड्स’चं बरोबर उलट: मोनोत ते सावकाश, पाण्यात बुडाल्यासारखं गुंगवणारं आहे. पेटीतली चौथी सीडी यासाठी आहे. मोनोचा आणखी एक गुण मला फार उशिरा लक्षात आला. ते एका कानाने ऐकलं तरी पुरं ऐकू येतं.

आता ‘रिमास्टर’ आणि ‘रिमिक्स’. रिमास्टर म्हणजे भिंतीवरचा जुना फोटो खाली काढायचा, धूळ पुसायची, काच नवी घालायची, पिवळेपणा कमी करायचा. फोटोतली माणसं जिथे उभी आहेत तिथेच राहतात. २००९ साली बीटल्सच्या सगळ्या अल्बमचं रिमास्टर झालं ते असं. रिमिक्स म्हणजे त्याच माणसांना त्याच कपड्यांत परत बोलावून पुन्हा उभं करायचं. २०१७ ला झालं ते हे, आणि ते करणारा होता जाइल्स मार्टिन, जॉर्ज मार्टिनचा मुलगा. सोबत ॲबी रोडचा इंजिनिअर सॅम ओकेल होता. जॉर्ज मार्टिन २०१६ च्या मार्चमध्ये गेले. वर्षभरात मुलगा वडिलांच्या सगळ्यात गाजलेल्या कामाला हात लावत होता.

पण कालवलेलं वेगळं होत नाही असं मी वर म्हटलं, मग रिमिक्स झालं कसं? ईएमआयने पहिले डबे फेकले नव्हते. कालवाकालवी व्हायच्या आधीच्या, पहिल्या पिढीच्या टेप जपून ठेवलेल्या होत्या. जाइल्स मार्टिनने त्या सगळ्या संगणकावर घेतल्या आणि तेव्हा नंतर चढवलेल्या ट्रॅकसोबत एकाच तालात लावल्या. १९६७ साली जे एका पुडात कोंबलं गेलं होतं ते पन्नास वर्षांनी सुटं झालं, आणि झेरॉक्सऐवजी मूळ कागद हाती आला. स्टिरिओ मिक्स करताना त्याने नमुना म्हणून समोर ठेवलं ते वडिलांचं आणि बीटल्सचं मोनो. म्हणून ‘शीज लीव्हिंग होम’ नव्या स्टिरिओतही जलद चालीत, मूळ उंच पट्टीत आलं आहे.

परिणाम कुठे कळतो? रिंगो स्टारच्या ड्रममध्ये आणि पॉल मॅकार्टनीच्या बास गिटारमध्ये. या अल्बमवर पॉल अनेकदा बास सगळ्यात शेवटी, वेगळ्या ट्रॅकवर वाजवायचा. तो बास म्हणजे गाण्याखालून चालणारं दुसरं गाणंच आहे. जुन्या स्टिरिओत तो बाजूला पडायचा, नव्यात पोटाशी येतो. काही गाण्यांत ड्रम आजच्या कानांना सोयीचे व्हावेत म्हणून जरा जास्तच पुढे आणलेत, हे मला खटकतं. आणि ‘ल्युसी’साठी मी अजूनही मोनोकडेच जातो.

हे झालं कारागिरीचं. आता त्या ‘कॉन्सेप्ट’कडे वळतो, कारण रॉकमधल्या ‘कॉन्सेप्ट अल्बम’ची गोष्ट निघाली की पहिलं नाव याचं घेतात आणि लगेच दुसऱ्या दमात कोणीतरी सांगतं की यात कॉन्सेप्ट वगैरे काही नाहीच.

कॉन्सेप्ट अल्बम म्हणजे सुटी गाणी गोळा न करता एका कल्पनेच्या दोऱ्यात ओवलेला अल्बम. इथली कल्पना पॉलची. २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कवर बीटल्सनी तिकीट लावलेला शेवटचा कार्यक्रम केला. किंचाळणाऱ्या गर्दीत स्वतःचं वाजवलेलंही त्यांना ऐकू येत नसे; दौरे पुरे झाले होते. नोव्हेंबरात केनियाहून परतताना विमानात पॉलच्या मनात आलं, आपण बीटल्स नाहीच असं समजू. एक जुन्या धाटणीचा, गणवेशातला बँड आहे, त्याचं नाव ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’, आणि हा अल्बम म्हणजे त्याचा कार्यक्रम. म्हणून पहिल्या गाण्याआधी वाद्यं जुळवण्याचा आणि प्रेक्षकांच्या कुजबुजीचा आवाज येतो, टाळ्या पडतात, गायकाची ओळख करून दिली जाते.

संगीत नाटकाच्या भाषेत ही नांदी. तेरापैकी बारावं गाणं नांदीचीच चाल घेऊन येतं आणि बँड निरोप घेतो; ते भरतवाक्य. दोन्हींच्या मध्ये मात्र नाटक नाही. सर्कस आहे, पार्किंगची पावती देणारी रीटा आहे, चौसष्टीतल्या म्हातारपणाचं स्वप्न आहे, पण कथा नाही. लेननने नंतर स्पष्टच सांगितलं, की त्याच्या गाण्यांचा त्या बँडच्या कल्पनेशी काही संबंध नव्हता. भरतवाक्याची सूचनाही चौघांची नव्हती. ती त्यांचा जुना साथी नील ॲस्पिनॉलची.

एवढ्यावरून कॉन्सेप्ट नाही म्हणणाऱ्यांचं मला पूर्वी पटायचं. दुसरी आणि तिसरी सीडी ऐकल्यावर पटेनासं झालं. या अल्बमचा दोरा कथेत नाही. पॉलला हवं होतं ते असं: आपण दौऱ्यावर जाणार नाही, आपल्याऐवजी ही रेकॉर्ड दौऱ्यावर जाईल. म्हणजे कार्यक्रम करणारी रेकॉर्डच. मग जे काही असेल ते असं हवं की स्टेजवर उभं राहून चार माणसांना वाजवताच येणार नाही. कच्चे टेक ऐकताना हीच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. आधी चार माणसं खोलीत साधं, गोड, वाजवता येण्याजोगं गाणं वाजवतात, आणि मग ते गाणं पावलापावलाने खोलीच्या बाहेर जातं.

‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ घ्या. २४ नोव्हेंबर १९६६ रोजी सगळं काम सुरू झालं ते या गाण्याने. खरं तर ते अल्बमवर नाही. रेकॉर्ड कंपनीला घाईने काहीतरी बाजारात हवं होतं म्हणून ‘पेनी लेन’सोबत ते फेब्रुवारीत वेगळं निघालं आणि अल्बममधून गळालं. ही आपल्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक, असं जॉर्ज मार्टिन पुढे म्हणायचे. वाढीव आवृत्तीत दोन्ही गाणी घरी परत आली आहेत, आणि ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’चे पहिला, चौथा, सातवा आणि सव्विसावा असे चार टेक ओळीने ठेवले आहेत. पहिला टेक इतका हळुवार आहे की तोच का नाही ठेवला असं वाटून जातं. सातवा थोडा दाट. सव्विसाव्यात ड्रमची धुमाळी आहे, चेलो आहेत, ट्रम्पेट आहेत, सगळं जलद आणि वरच्या पट्टीत.

लेननला सातव्याची सुरुवात आवडली आणि सव्विसाव्याचा पुढचा भाग. म्हणाला, दोन्ही जोडा. जॉर्ज मार्टिननी सांगितलं, की दोन्हींची लय वेगळी आहे आणि पट्टीही वेगळी. पेटीवर एक काळी दोनला गातोय आणि दुसरा पांढरी तीनला, अशांना एका ओळीत बसवण्यासारखं हे काम. पण नशीब असं, की जो टेक जलद होता तोच वरच्या पट्टीतला होता. टेप सावकाश फिरवली की लय उतरते आणि सोबत स्वरही उतरतो. म्हणून सव्विसावा टेक हळू केला, सातवा किंचित वाढवला, आणि दोन्ही जवळपास एका जागी आले. २२ डिसेंबरला कात्रीने टेप कापून जोडली. गाण्यात साधारण एका मिनिटावर तो सांधा आहे. चारही टेक ऐकून मग पक्कं गाणं लावा. सांधा आपोआप कळेल, आणि एकदा कळला की दर वेळी त्या जागी काळजाचा ठोका चुकेल. (त्याच गाण्यात कडवं फिरताना उतरत येणारा झणत्कार आहे ना, ते आपलं स्वरमंडळ आहे. जॉर्ज हॅरिसनने वाजवलेलं.)

हॅरिसनवर थांबायला हवं, कारण इथे या अल्बमची वाट मुंबईवरून जाते. दौरे थांबल्याबरोबर, सप्टेंबर १९६६ मध्ये, तो रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईत आला आणि ताजमहाल हॉटेलात उतरला. कोणी ओळखू नये म्हणून मिशा राखल्या होत्या, तरी वर्तमानपत्रांना सुगावा लागलाच. लंडनला परतल्यावर चौघे नव्या अल्बमच्या कामाला लागले तेव्हा त्याचं मन तिकडे फारसं नव्हतं. त्याने या अल्बमला एकच गाणं दिलं: ‘विदिन यू विदाउट यू’. रविशंकरांनी आकाशवाणीसाठी केलेली एक लांबलचक रचना त्याच्या मनात होती. तिच्या धर्तीवर त्याने हे रचलं.

१५ मार्च १९६७ रोजी ते रेकॉर्ड झालं तेव्हा बाकीच्या तिघा बीटल्सपैकी एकही वाजवत नव्हता. वाजवणारे लंडनच्या एशियन म्युझिक सर्कलमधले कलाकार होते: दिलरुब्यावर (गजाने वाजवायच्या तंतुवाद्यावर) ॲना जोशी आणि अमृत गज्जर, तबल्यावर नटवर सोनी, तंबोऱ्यावर बुद्धदेव कंसारा. अल्बमच्या वेष्टनावर यांतल्या कोणाचंही नाव नव्हतं. जगात कोट्यवधी घरांत ज्यांचा तबला आणि दिलरुबा वाजला त्यांची नावं पुढे कित्येक वर्षं साध्या श्रोत्याला ठाऊक नव्हती, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून ती इथे मुद्दाम लिहिली.

पेटीत या गाण्याचा नुसत्या भारतीय वाद्यांचा पहिला टेक आहे. न गायलेलं गाणं. माझ्यासाठी सगळ्या संचाची किंमत त्यातच वसूल होते. गळा आणि पाश्चात्त्य व्हायोलिनं बाजूला झाली की आपला कान लगेच घरी येतो: षड्जावर स्थिर तंबोरा, कोमल निषाद, खमाजचं अंग. गाण्याचा भाग तीनतालाच्या चालीने जातो आणि मधल्या नुसत्या वाद्यांच्या भागात वजन पाच-दहा मात्रांवर, झपतालाकडे झुकतं. शिवाय हे मूळ रेकॉर्डिंग पांढरी एकमध्ये आहे. अल्बमवर टेपचा वेग वाढवून ते काळी एकला नेलं आहे. मूळ लयीत दिलरुब्याची मींड श्वास घेते, अल्बमवर ती जरा धावते. त्याला जोडूनच हॅरिसन कलाकारांना समजावून सांगतानाचा एक तुकडा आहे. चोवीस वर्षांचा मुलगा, जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध बँडमधला, आणि तोंडाने चाल म्हणून दाखवतोय, त्या वेळी आवाजात जो संकोच आणि आदर आहे तो ऐकण्यासारखा आहे. तालमीच्या खोलीत बसलेल्या कोणालाही तो स्वर ओळखीचा वाटेल.

पुढे ३ एप्रिलला जॉर्ज मार्टिननी त्यावर आठ व्हायोलिन आणि तीन चेलो चढवले. पाश्चात्त्य वादकाला कागदावरचा स्वर सरळ लावायची सवय. इथे दिलरुब्यामागोमाग एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं होतं. नव्या मिक्समध्ये दिलरुबा आणि व्हायोलिनं वेगळी ऐकू येतात, त्यामुळे कोण कोणाच्या मागे चाललंय ते पहिल्यांदा स्वच्छ कळतं.

वेष्टनाचंही एक सांगून टाकतो. पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ यांनी रचलेल्या त्या गर्दीच्या चित्रात हॅरिसनने महावतार बाबाजी, लाहिरी महाशय, श्री युक्तेश्वर आणि परमहंस योगानंद या योग्यांना बसवलं. महात्मा गांधींचंही चित्र तिथे उभं केलं होतं. भारतात लोक दुखावतील या धास्तीने ईएमआयच्या वरिष्ठांनी ते काढायला लावलं.

बाकीचे टेक भराभर ऐकले तरी चालतील. ‘शीज लीव्हिंग होम’चा नुसत्या हार्प आणि तंतुवाद्यांचा टेक सुरेख आहे. ‘बीइंग फॉर द बेनिफिट ऑफ मिस्टर काइट’ हे लेननने जुन्या वस्तूंच्या दुकानात विकत घेतलेल्या १८४३ च्या सर्कशीच्या जाहिरातीवरून लिहिलं. त्यातला जत्रेचा गोंधळ उभा करायला ऑर्गनच्या टेपचे तुकडे करून, हवेत उधळून, हाताला येतील तसे परत जोडले होते. कच्च्या टेकमध्ये तो गोंधळ नाही, नुसती सर्कशीची चाल आहे, आणि तीही मजबूत उभी राहते. ‘फिक्सिंग अ होल’, ‘गेटिंग बेटर’ हे अभ्यासूंसाठी.

‘अ डे इन द लाइफ’साठी मात्र एक संध्याकाळ मोकळी ठेवा. भरतवाक्य होऊन गेलंय, टाळ्या थांबल्यात, बँडचे गणवेश उतरलेत, आणि मग हे गाणं येतं. नाटक संपल्यावर थिएटरबाहेर रस्त्यावर येऊन उभं राहावं तसं. १९ जानेवारी १९६७ च्या पहिल्या टेकमध्ये लेननची गिटार, पॉलचा पियानो, बोंगो, मराकस आणि तो प्रतिध्वनीत भिजलेला गळा एवढंच आहे. लेननच्या भागानंतर काय येणार हे कोणालाच ठरवता आलेलं नव्हतं. म्हणून चोवीस बार, म्हणजे आपल्या हिशोबात चोवीस आवर्तनं, रिकामी सोडली. त्यांचा मदतनीस मॅल इव्हान्स एकापासून चोवीसपर्यंत मोठ्याने मोजतो, आकडा वाढेल तसा प्रतिध्वनी गडद होत जातो, आणि शेवटी गजराचं घड्याळ वाजतं. ते घड्याळ खुणेपुरतं होतं. पुढे पॉलने झोपेतून उठण्याचं कडवं नेमकं त्याच जागी आणलं, आणि घड्याळ गाण्यातच राहिलं.

ती रिकामी चोवीस आवर्तनं १० फेब्रुवारीला भरली. मोठ्या स्टुडिओत चाळीस वादक बोलावले, सगळे पूर्ण पोशाखात. जॉर्ज मार्टिननी त्यांना आयुष्यात कोणी दिली नसेल अशी सूचना दिली: आपापल्या वाद्याच्या सगळ्यात खालच्या स्वरापासून सुरू करा, चोवीस आवर्तनांत सगळ्यात वरच्या स्वरापर्यंत चढा, आणि शेजारी काय वाजवतोय तिकडे लक्ष देऊ नका. जन्मभर शेजाऱ्याबरोबर जुळवून वाजवायला शिकलेली माणसं ती. चार ट्रॅकवर त्यांना चार वेळा रेकॉर्ड केलं, म्हणजे ऐकू येतात ते एकशे साठ वादक. त्यासाठी इंजिनिअर केन टाउनसेंडने दोन चार-ट्रॅक मशीन एकमेकांना बांधून एका वेगाने चालवली. दोन दैत्य एका जूला जुंपल्यासारखी. पेटीत हा वाद्यवृंदाचा भाग सुटा दिला आहे. गाण्याशिवाय, उघड्यावर ऐकताना अंगावर काटा येतो. एकेक वादक आपल्या वाटेने वर सरकताना दिसू लागतो.

सगळं ऐकायला वेळ नसेल तर दोन सीडींची छोटी आवृत्ती पुरते. तिच्यातले कच्चे टेक अल्बमच्याच क्रमाने लावले आहेत आणि शेवटी ती दोन गळालेली गाणी आहेत. आधी नवं मिक्स एका बैठकीत ऐका, मग तेच क्रमाने कच्चे टेक. मोनो काही दिवसांनी, कान विसरल्यावर. मोठ्या संचात आणखी एक तुकडा आहे, तो चुकवू नका. वाद्यवृंद गेल्यावर त्याच रात्री बीटल्स आणि त्यांची मित्रमंडळी माइकभोवती गोळा झाली. गाण्याचा शेवट कशाने करायचा हे ठरलं नव्हतं, आणि सगळ्यांनी मिळून तोंड मिटून एक लांब ‘अम्’ धरायचा असा बेत होता. आठवा टेक, नववा, दहावा, अकरावा. दम पुरत नाही, कोणाला हसू फुटतं, पुन्हा सुरू. सूर लागतो, पण शंभरावर वाद्यांच्या त्या चढावानंतर तो फार लहान पडतो.

बारा दिवसांनी, २२ फेब्रुवारीला, लेनन, मॅकार्टनी, रिंगो आणि मॅल इव्हान्स तीन पियानोंपाशी उभे राहिले, जॉर्ज मार्टिन हार्मोनियमवर बसले, आणि सगळ्यांनी एकदम ई मेजरचा कॉर्ड आपटला. नववा टेक जमला. कॉर्ड विरत जाईल तसा जेफ एमरिक आवाजाची खिट्टी वर वर सरकवत होता, म्हणजे विझणारा सूर जास्तीत जास्त वेळ ऐकू यावा. शेवटी सूर इतका बारीक होतो आणि माइक इतके उघडे, की खोलीतली हवा ऐकू येते. नव्या मिक्समध्ये हेडफोन लावून, दिवे मालवून ऐका. चाळीसेक सेकंदांनंतर, जवळजवळ काहीच उरलेलं नसताना, कोणीतरी जागचं हलतं आणि खुर्ची करकरते.